सकाळी जिना उतरताना किती दुखलं? बास्केटबॉल खेळाडूंच्या दुखापतींवर वाचकांचे प्रश्न

पुण्यात जून ते सप्टेंबर उघडी कोर्टं बहुतेक ओलीच असतात. सिमेंटवर शेवाळ धरतं, सराव कधी जिममध्ये होतो, कधी होतच नाही. पाऊस ओसरतो न ओसरतो तोच आंतरमहाविद्यालयीन सामने आणि पुढच्या निवड चाचण्या अंगावर येतात. सवय मोडलेले पाय नेमके याच दिवसांत वळतात. या वेळच्या पत्रांत जवळजवळ सगळ्यांनी एकच विचारलं आहे: किती दिवसांनी खेळता येईल? उत्तरांत आम्ही दिवसांबरोबर सेंटीमीटर, उड्या आणि मिनिटंही दिली आहेत, कारण परतायचं की नाही हे त्यांवरून जास्त नीट कळतं.

प्रश्न: मी एस. वाय.ला आहे, पॉइंट गार्ड खेळतो. बारा दिवसांपूर्वी रिबाउंडला (हुकून परत आलेला बॉल पकडायला) उडी मारली आणि उतरताना दुसऱ्याच्या बुटावर पाय पडला. डावा पाय आत वळला. एक्स-रे नॉर्मल आहे. सूज बरीच उतरली, चालताना दुखत नाही. तीन आठवड्यांनी इंटर-कॉलेज आहे. खेळता येईल का?
(शिवाजीनगर)

उत्तर: येऊ शकेल. पण एक्स-रे नॉर्मल आहे आणि चालताना दुखत नाही, एवढ्यावरून ते ठरत नाही. एक्स-रेत हाड दिसतं. पाय असा वळला की आधी ताणलं जातं ते बाहेरच्या घोट्याच्या पुढच्या बाजूचं लिगामेंट (हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा), आणि ते एक्स-रेत दिसत नाही. त्याचे तंतू नुसते ताणले असतील तर खेळाडू साधारण एक-दोन आठवड्यांत परततो, काही तुटले असतील तर तीन ते सहा आठवडे लागतात, पूर्ण तुटलं असेल तर दीड ते तीन महिने. बाराव्या दिवशीही थोडी सूज आहे त्यावरून मधला प्रकार असावा, पण फिजिओकडून हाताने तपासून घे.

लिगामेंटमध्ये संवेदना देणाऱ्या नसांची टोकं असतात. पाय कसा पडतोय हे खाली न बघता कळतं ते त्यांच्यामुळे. घोटा मुरगळला की ही खबर उशिरा पोचते आणि पायाच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू सावरायला उशीर करतात. म्हणून एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळतो, तेही दुखणं पूर्ण थांबल्यावर. तुला या तीन आठवड्यांत खरं काम करायचं आहे ते इथे.

आधी मोजमाप. भिंतीकडे तोंड करून उभा राहा, पायाचा अंगठा भिंतीपासून थोडा मागे ठेव आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकव. टाच उचलली जाण्याआधी अंगठा भिंतीपासून जास्तीत जास्त किती लांब नेता येतो ते टेपने मोज. दोन्ही पायांत सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर घोटा अजून आखडलेला आहे. अशा घोट्यावर उडीतून उतरताना टाच लवकर उचलली जाते आणि पाय बाहेरच्या कडेवर जातो, म्हणजे मुरगळला तेव्हा होता तसाच. दुसरं, एका पायावर टाच उचलायची, गुडघा सरळ ठेवून. चांगल्या पायावर पंचवीस होत असतील तर दुखऱ्यावर बावीस-तेवीस तरी झाल्या पाहिजेत. तिसरं, एका पायावर डोळे मिटून तीस सेकंद. ते जमलं की डोळे उघडून एका पायावर उभं राहायचं आणि मित्राने डावी-उजवीकडे फेकलेला बॉल झेलायचा. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं. रबर बँड पायाला अडकवून पाऊल बाहेर वळवायचा व्यायाम पंधरा-पंधराचे तीन सेट रोज कर.

पायऱ्या या क्रमाने चढ: अर्धा तास भरभर चालणं, सरळ रेषेत जॉगिंग, सरळ रेषेत वेगात धावणं, दोन पायांवर उड्या, एका पायावर उतरणं, ४५ अंशांत दिशा बदलणं, मग ९० अंशांत, डिफेन्सिव्ह स्लाइड (वाकून बाजूला सरकणं), कोणी अंगावर नसताना ले-अप (धावत जाऊन जवळून बास्केट), हाफ कोर्टवर तीन-तीन जणांचा खेळ, शेवटी पूर्ण कोर्टवर पाच-पाच जणांचा. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस दे. व्यायामाच्या वेळी दहापैकी दोन-तीन इतकं दुखलं तर चालेल. निर्णय दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायचा. उठल्यावर पहिली पावलं आणि जिना उतरणं कालच्यासारखंच असेल तर पुढची पायरी. घोटा जड वाटला, सूज वाढली किंवा लंगडावं लागलं तर एक पायरी खाली ये आणि तिथे दोन दिवस थांब. बहुतेक मुलं जॉगिंगवरून थेट पाच-पाचच्या गेमवर उडी मारतात. धावताना काहीच दुखलं नाही, हे त्यांचं कारण. सरळ धावण्यात घोट्याला बाजूने जोर पडतच नाही, त्यामुळे ते इथे पुरावा म्हणून चालत नाही.

तीन-तीन खेळण्याआधी दोन चाचण्या घे. एका पायावर लांब उडी, तीन प्रयत्नांतली सर्वांत लांब मोजायची. ती चांगल्या पायाच्या ९० टक्के भरली पाहिजे. मग जमिनीवर ३० सेंटीमीटर अंतरावर दोन पट्ट्या लाव आणि एका पायावर इकडून तिकडे, तिकडून इकडे अशा दहा फेऱ्या मारून वेळ घे. दोन्ही पायांच्या वेळात मोठा फरक असेल किंवा मधेच दुसरा पाय टेकवावा लागत असेल तर अजून थांब.

खेळताना लेस बांधायचा अँकल ब्रेस वापर, आणि पुढचे निदान सहा महिने वापर. टेपही चालते, पण घाम आणि हालचालीने ती वीस-तीस मिनिटांत सैल पडते आणि दर वेळी नीट लावणारा हात लागतो. क्रेप बँडेजने सूज दाबली जाते, पाय वळायचा थांबत नाही. ब्रेसने स्नायू कमजोर होतात अशी भीती पुष्कळांना असते. व्यायाम चालू असेल तर तसं होत नाही. ब्रेस घातल्यावर बूट घट्ट होतो, म्हणून मॅचच्या दिवशी पहिल्यांदा घालू नकोस. सिमेंटवर वर्षभर घासून तळ गुळगुळीत झालेला बूट असेल तर तो आधी बदल. दुचाकीने कॉलेजला येत असशील तर सिग्नलला टेकायला सध्या उजवा पाय वापर. डाव्यावर गाडीचा भार तिरका आला की दोन आठवड्यांचं काम वाया जातं.

प्रश्न: माझी मुलगी १९ वर्षांची आहे. एसीएलचं (गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटचं) ऑपरेशन होऊन साडेपाच महिने झाले, त्याच्या जागी मांडीच्या मागच्या शिरेचं (टेंडनचं) ग्राफ्ट घातलं आहे. आता ती जॉगिंग करते, गुडघा पूर्ण वाकतो. दीड महिन्याने टीम निवडायची आहे. ती म्हणते, सगळं बरं आहे. पाठवू का?
(कोथरूड)

उत्तर: नऊ महिने पूर्ण होईपर्यंत मॅच नको, आणि तेव्हाही चाचण्या पार केल्या तरच. तिला हे किती कडू लागेल याची कल्पना आहे, म्हणून कारणं सविस्तर देतो.

ग्राफ्ट बसवलं त्या दिवशी ते मजबूत असतं. नंतर शरीर त्यात नव्या रक्तवाहिन्या घालून त्याचं लिगामेंट बनवू लागतं, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत ते उलट कमजोर होतं. पुढे हळूहळू ताकद येते. बाहेरून गुडघा पूर्ण बरा दिसतो तेव्हाही आत हे काम चालूच असतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणं जितके महिने लांबवलं, तितक्या प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याच्या पुन्हा दुखापतीचं प्रमाण सुमारे निम्म्याने कमी झालेलं दिसलं. वेगाने वळायच्या, उडीच्या खेळात परतणाऱ्या तरुणांमध्ये दुसरी एसीएल दुखापत, त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याला, साधारण चार-पाचांत एकाला होते. बास्केटबॉलमध्ये मुलींच्या एसीएलला मुलांपेक्षा धोकाही जास्त.

नवव्या महिन्यात काय तपासायचं? मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या ९० टक्के हवी. मोठ्या स्पोर्ट्स फिजिओ केंद्रांत हे यंत्रावर मोजतात. ते नसेल तर जिममधल्या लेग एक्स्टेन्शनवर (बसून गुडघा सरळ करत वजन उचलायच्या यंत्रावर) प्रत्येक पायाने वेगवेगळं वजन उचलून तुलना करता येते, पण ही चाचणी फिजिओच्या देखरेखीखालीच करा. इथे एक फसगत होते. सहा-आठ महिन्यांत दुसरा पायही बारीक झालेला असतो, आणि दोन कमजोर पाय एकमेकांशी छान जुळतात. ऑपरेशनच्या आधी मोजमाप घेतलेलं असेल तर तुलना त्याच्याशी करा. मग एका पायावरच्या उड्या: एक लांब, सलग तीन, पुढे जाणाऱ्या सरळ रेषेच्या इकडून तिकडे तिरक्या तीन, आणि सहा मीटर अंतर किती वेळात. तीही ९० टक्के.

आकड्यांइतकंच उतरणं महत्त्वाचं. तिला खुर्चीच्या उंचीच्या स्टूलवरून दोन पायांवर खाली उडी मारायला सांगा आणि मोबाईलने समोरून व्हिडिओ घ्या. गुडघे एकमेकांकडे आत झुकत असतील, किंवा ती आवाज करत कडक पायांनी उतरत असेल, तर लांब उडीचा आकडा कितीही चांगला असला तरी थांबा. हे फिजिओने आधी उड्यांना परवानगी दिली असेल तरच करून बघा.

निवड हुकली तरी संघाबरोबर राहण्यासारखं खूप काही आहे. फ्री थ्रो, जमिनीवरून पाय न उचलता शूटिंग, बसून बॉल हँडलिंग, पासिंग, विरोधी संघाच्या खेळ्या लिहून ठेवणं. जम्प शॉट फिजिओ सांगेल तेव्हा. मेनिस्कसला (गुडघ्यातल्या कूर्चेच्या गादीला) टाके घातले असतील तर खोल बैठक, उकिडवं बसणं आणि मांडी घालणं कधी सुरू करायचं हे सर्जनला विचारा. घरात पूजा-जेवणाच्या वेळी सगळे खाली बसले की मुली संकोचाने बसतात, म्हणून तिला खुर्ची आधीच द्या.

आणि तिला एकदा शांतपणे विचारा: बॉलसाठी झेपावताना गुडघ्याचा विचार मनात येतो का? येत असेल तर ती भीती ती तयार नसल्याची खूण आहे, आणि फिजिओला सांगायची गोष्ट आहे.

प्रश्न: आमचा सहा फूट तीन इंचांचा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) दुखापतीनंतर दोन महिन्यांनी परततोय. फिजिओने खेळायला हरकत नाही असं लिहून दिलंय. पण किती खेळवायचं हे कोणीच सांगत नाही. आमच्याकडे फिजिओ पूर्णवेळ नाही, धावणं मोजणारे जीपीएसचे पट्टे नाहीत.
(कॉलेजच्या संघाचे प्रशिक्षक, औंध)

उत्तर: सर, तुम्हाला एक वही, एक घड्याळ आणि बाकावरचा एक जबाबदार मुलगा लागेल.

प्रत्येक सत्र संपल्यावर अर्ध्या तासाने खेळाडूला विचारा: आजचं सत्र शून्य ते दहापैकी किती जड गेलं? त्या आकड्याला सत्राच्या मिनिटांनी गुणा. ९० मिनिटांचा सराव सहा जड गेला तर ५४०. आठवड्याची बेरीज करा. दुखापतीपूर्वी हा खेळाडू आठवड्याला अशी पाच सत्रं करत असेल तर त्याची बेरीज अडीच हजारांच्या आसपास असायची. परतीच्या पहिल्या आठवड्यात निम्म्याने सुरू करा आणि दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. ठोक टक्केवारी सगळ्यांना लागू पडत नाही. एका आठवड्यात दुप्पट मात्र कधीच नको. पूर्ण सराव, म्हणजे पाच-पाचचा खेळ आणि अंगाला अंग लागणारं रिबाउंडिंग, दोन आठवडे नीट पार पडल्याशिवाय मॅच नको.

पहिल्या मॅचमध्ये दहा-बारा मिनिटं. ती सलग देऊ नका, तीन-चार मिनिटांच्या तुकड्यांत द्या. आंतरराष्ट्रीय नियमांत दहा मिनिटांचे चार क्वार्टर असतात आणि घड्याळ शिट्टीला थांबतं, त्यामुळे घड्याळातली चार मिनिटं प्रत्यक्षात सात-आठ होतात. बाकावरच्या मुलाने तो आत गेला ती वेळ आणि बाहेर आला ती वेळ लिहायची. हे काम प्रशिक्षकाने डोक्यात ठेवू नये. सामना अटीतटीचा झाला की बारा मिनिटांची वीस कधी झाली ते कळत नाही.

आत कधी घ्यायचं? पहिल्या क्वार्टरच्या सुरुवातीला, किंवा मध्यंतरानंतर लगेच. तो त्या वेळी गरम असतो. पंचवीस मिनिटं बाकावर बसवून मग चौथ्या क्वार्टरला उतरवणं सर्वांत वाईट: अंग थंड, समोरचे तापलेले, आणि खेळ सर्वांत वेगवान. मधे घ्यायचंच असेल तर पाच मिनिटं आधी सांगा. बाकामागे भरभर चालणं, दहा बैठका, दहा छोट्या उड्या, बाजूने चार-पाच स्लाइड. बास्केटबॉलमध्ये बदली खेळाडू कितीही वेळा उतरवता येतात, ही या खेळाने आपल्याला दिलेली मोठी सोय आहे. ती वापरा. दुसऱ्या मॅचला पंधरा-सोळा, मग वीस. दुखणं पुढच्या सकाळी चढलं तर पुढच्या मॅचला मागचाच आकडा.

बाद पद्धतीच्या स्पर्धांत एका दिवशी दोन सामने येतात. परतीच्या पहिल्या महिन्यात त्याला त्यांतला एकच द्या. कोणता, ते आदल्या रात्री ठरवा आणि संघाला सांगून टाका. चौथ्या क्वार्टरला तीन गुणांनी मागे असताना घेतलेला निर्णय खेळाडूच्या गुडघ्याच्या बाजूचा नसतो. म्हणून कमाल मिनिटं फिजिओ ठरवेल, त्या मर्यादेत कधी आणि कसं वापरायचं ते तुम्ही, आणि खेळाडूचं काम खरं सांगणं. तिघांनी हे मॅचच्या आधी बोलून घ्यायचं.

"बरं आहे ना?" असं विचारलंत तर तो "हो सर" म्हणणार. त्याची जागा जायची भीती असते. त्याऐवजी विचारा, "आज सकाळी हॉस्टेलचा जिना उतरताना दहापैकी किती दुखलं?" याला आकडा द्यावा लागतो. खरा आकडा सांगितल्याबद्दल त्याची जागा जाणार नाही हे त्याला आधी कळलं पाहिजे, आणि ते शब्दांपेक्षा तुमच्या वागण्यातून कळतं.

प्रश्न: गुडघ्याच्या वाटीच्या खाली वर्षभर दुखतं. विश्रांती घेतली की थांबतं, खेळलं की परत. फिटनेससाठी रोज सकाळी पर्वती चढतो.
(सहकारनगर)

उत्तर: वाटीच्या खालच्या टोकाला बोटाने दाबल्यावर नेमकं तिथेच दुखत असेल तर हा बहुधा उडी मारणाऱ्यांचा गुडघा, म्हणजे वाटीखालच्या शिरेचा त्रास. या शिरेला पूर्ण विश्रांतीही मानवत नाही आणि अचानक वाढवलेला भारही मानवत नाही. विश्रांतीत दुखणं थांबतं तसं शिरेचं बळही जातं, म्हणून परतल्यावर आधीपेक्षा कमी खेळावर दुखू लागतं. वर्षभर तू याच फेऱ्यात आहेस.

पहिले दोन आठवडे: लेग एक्स्टेन्शनवर गुडघा साधारण ६० अंशांत अडवून धरायचा, ४५ सेकंद, पाच वेळा, मधे दोन मिनिटं विश्रांती. वजन एवढं की शेवटचे दहा सेकंद कष्टाचे जावेत. मग दिवसाआड जड आणि सावकाश: लेग प्रेस आणि स्क्वॉट, चार सेट, प्रत्येकी सहा ते आठ, खाली जायला तीन सेकंद, वर यायला तीन. हे तीन महिने धरून करायचं आहे. उड्या शेवटी, आणि मोजून: पहिल्या दिवशी वीस, दिवसाआड, सकाळचा गुडघा ठीक राहिला तर पाच-पाचने वाढव. पर्वती चढायला हरकत नाही. त्रास देतं ते पायऱ्या उतरणं, कारण तेव्हा शीर ताणलेल्या अवस्थेत शरीराचा भार पेलते. सध्या ते बंद ठेव आणि दमासाठी सायकल चालव. सिमेंटच्या कोर्टवर आठवड्यातून दोनच दिवस उड्यांचा सराव ठेव.

प्रश्न: मॅचच्या आधी दुखऱ्या जागी इंजेक्शन घेतलं तर?
(हडपसर)

उत्तर: नको. सुन्न केलेला सांधा थांबायची सूचना देऊ शकत नाही. शिरेत स्टेरॉइड दिलं तर ती कमजोर होऊन तुटू शकते. शिवाय १ जानेवारी २०२२ पासून कॉर्टिसोनसारख्या ग्लुकोकॉर्टिकॉइड स्टेरॉइडची सर्व प्रकारची इंजेक्शनं स्पर्धेच्या काळात जागतिक उत्तेजकविरोधी नियमांनुसार बंद आहेत, आणि काही औषधांचा अंश शरीरात आठवडे राहतो. उपचार म्हणून डॉक्टरांनी आधीच दिलं असेल तर औषधाचं नाव आणि तारीख लिहून ठेवा आणि स्पर्धेआधी संघाच्या व्यवस्थापकांना दाखवा. मॅचच्या आधी वेदनाशामक गोळ्या घ्यायची सवयही सोडा. उन्हात, पाणी कमी प्यायलेल्या शरीरात त्या मूत्रपिंडाला त्रास देतात.

प्रश्न: बॉल बोटाच्या टोकावर आदळला. मधल्या बोटाचं टोक खाली झुकलंय, आपोआप सरळ होत नाही. फार दुखत नाही. टेप लावून खेळू का?
(पिंपरी)

उत्तर: आजच डॉक्टरांना दाखवा. बोट सरळ करणारी शीर टोकाशी तुटली आहे, कधी हाडाचा तुकडाही बरोबर निघतो, त्यासाठी एक्स-रे लागतो. उपचार साधा पण चिकाटीचा आहे: टोकाचा सांधा सरळ ठेवणारी पट्टी सहा ते आठ आठवडे, दिवसरात्र. अंघोळीला किंवा पट्टी धुवायला काढली तरी बोट टेबलावर सपाट ठेवायचं. एकदाही वाकलं तर आठवडे पहिल्यापासून मोजायचे. शेजारच्या बोटाला टेपने बांधणं मधल्या सांध्याच्या मुरगळीला चालतं, याला चालत नाही. पट्टीसह धावणं, पायांचा व्यायाम, दुसऱ्या हाताने ड्रिब्लिंग हे सगळं चालू ठेवा.